हात दुसऱ्याचा, उत्तर कुणाचे?

शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. महाभारताविषयीची पारंपरिक कथाही तशीच : सांगणारे व्यास, लिहिणारा गणपती. लिहिणारा हात दुसऱ्याचा होता, म्हणून या ग्रंथांच्या कर्तृत्वावर कोणी शंका घेतली नाही. उलट गणपतीला अट घातली गेली ती अर्थ समजल्याशिवाय न लिहिण्याची. लेखनिक जाणकार असावा, अशीच त्या कथेची अपेक्षा आहे. उच्च शिक्षणातील दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आपण जे परीक्षानियम केले, त्यांची अपेक्षा नेमकी उलटी होती.

परिपत्रक हा रूक्ष मजकूर खरा. पण त्यातूनही लिहिणाऱ्याचा माणसाकडे पाहण्याचा दृष्टिकोन कळतो. केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाच्या फेब्रुवारी २०१३ मधील मार्गदर्शक सूचना वाचाव्यात. लेखनिकाचे शिक्षण, गुण, वय यांच्या अटी घालू नयेत; गैरप्रकाराची भीती असेल तर पर्यवेक्षण कडक करावे; लेखनिकांची पॅनेल तयार ठेवावीत; तासाला किमान २० मिनिटे भरपाईचा वेळ द्यावा, असे त्या सांगतात. इथे संशयाचा भार व्यवस्थेने उचललेला दिसतो.

पुढे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आला. अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव झाल्या आणि वाजवी समायोजन नाकारणे हा भेदभाव ठरला. कायदा असा पुढे गेला असताना ऑगस्ट २०१८ च्या सूचनांनी मात्र पाऊल मागे घेतले. विद्यार्थ्याने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्यापेक्षा शिक्षणात एक पायरी खालचा असावा, असे त्यांत म्हटले गेले. संशयाचा भार पुन्हा विद्यार्थ्याच्या खांद्यावर आला.

ही एक पायरी वर्गात काय करते ते पाहू. मराठीत एम. ए. करणारी अंध विद्यार्थिनी 'लीळाचरित्रा'च्या रूपबंधावर उत्तर सांगते आहे. समोरचा लेखनिक वाणिज्य शाखेचा, दुसऱ्या वर्षातला. तो 'लीलाचरित्र' लिहितो, 'रूपबंध' पुन्हा विचारतो, 'महदंबा' अक्षर-अक्षर सांगावे लागते. भरपाईचा वेळ विचारासाठी उरत नाही; तो शब्द फोडून सांगण्यात जातो. उत्तरपत्रिकेतल्या चुका लेखनिकाच्या, गुण कापले जातात तिचे. लेखनिक आपल्या ज्ञानाने उत्तर सुधारील ही भीती नियमाला आहे; आपल्या अज्ञानाने तो ते बिघडवील, ही शक्यता त्याच्या हिशेबातच नाही.

विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्याचे महत्त्व इथे आहे. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या या एमबीबीएस उमेदवाराला आयोगाने लेखनिक नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्णय दिला, की लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के दिव्यांगत्वाची अट लावता येणार नाही. सोय गरजेवर ठरते, टक्क्यांवर नाही. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात अवनी प्रकाश प्रकरण निकाली निघाले. डिसग्राफिया असलेल्या या विद्यार्थिनीला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत हक्काचा वाढीव वेळ मिळाला नव्हता. चूक मान्य झाली, पण फेरपरीक्षेचा आदेश निघाला नाही; अन्याय कसा दूर करता येईल याचा विचार आठवड्यात करा, असे परीक्षासंस्थेला सांगितले गेले. हक्क सिद्ध झाला तोवर परीक्षा होऊन गेली होती. या क्षेत्रात उशिरा मिळालेला न्याय बहुधा पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येतो.

गैरवापर होतच नाही, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परीक्षेतले कोणतेही दार गैरवापराला खुले असते. पण त्यावरचा उपाय अडाणी लेखनिक नव्हे. विद्यापीठाने विषय जाणणारे, प्रशिक्षित लेखनिक स्वतः पुरवावेत, स्वतंत्र खोली द्यावी, सांगणे ध्वनिमुद्रित करावे. वाद झालाच, तर कोणाचे वाक्य कोणाचे हे ऐकून ठरवता येईल. ज्यांना संगणकावर स्क्रीन रीडरच्या साहाय्याने लिहिता येते, त्यांना तसे लिहू द्यावे. मग दुसऱ्या हाताचा प्रश्नच उरत नाही.

मुळात अडचण आपल्या एका शब्दात आहे : 'सवलत'. एस.टी.च्या तिकिटात सवलत असते. तिथे ठरलेली किंमत कमी होते. लेखनिक दिल्याने प्रश्नपत्रिका सोपी होत नाही, उत्तीर्ण होण्याचे गुण कमी होत नाहीत. विद्यार्थ्याला येते ते कागदावर उतरते, एवढेच. तरीही आपण सवलत म्हणतो, आणि मग घेणाऱ्याने उपकृत राहावे, देणाऱ्याने संशय घ्यावा, हे ओघानेच येते. प्राध्यापकांच्या खोलीत 'तिला काय, लेखनिक होता' हे वाक्य सहज उच्चारले जाते, ते याच शब्दाच्या आधाराने.

नियम बदलतील, बदलत आहेतही. पण त्या विद्यार्थिनीच्या पदवीकडे पाहताना 'उत्तर कुणाचे?' असा प्रश्न जोवर आपल्या मनात येतो, तोवर परीक्षा तिची नव्हे, आपली चालू आहे.