ग्रामीण बालपणाच्या आठवणींतील विनोद : स्वरूप, मर्यादा आणि वसईचा संदर्भ

प्रस्तावना

मराठी आत्मपर वाङ्मयात ग्रामीण बालपणाचे चित्रण विपुल आहे. मात्र त्याची प्रतवारी लावताना समीक्षेने एक अलिखित निकष पाळलेला दिसतो. दारिद्र्य, वियोग आणि अपमान यांच्या आठवणी गंभीर वाङ्मयात जमा होतात. हसवणाऱ्या आठवणींची बोळवण 'हलकेफुलके लेखन' किंवा 'स्मरणरंजन' म्हणून केली जाते. आनंद यादव यांच्या 'झोंबी'ची (१९८७) जेवढी चर्चा अभ्यासक्रमांत आणि चर्चासत्रांत झाली, तेवढी बालपणीच्या विनोदी आठवणींची झाली नाही. हा निकष कितपत ग्राह्य आहे, हे तीन परिचित कलाकृतींच्या आधारे तपासणे आणि वसई-विरार परिसराच्या संदर्भात त्याचा विचार करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक प्रसंग, दोन शक्यता

साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेली आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' अश्रूंचे पुस्तक म्हणून ओळखली जाते. तिच्यातील पोहण्याचा प्रसंग मात्र मुळात विनोदी आहे. पाण्याला भिणारा मुलगा घरात लपून बसतो, आई त्याला शोधून काढते, शिपटीचा मार देऊन विहिरीकडे धाडते आणि तेथे जमलेल्यांना आयती करमणूक मिळते. कोकणातील कोणत्याही गावात घडावा असा हा प्रकार आहे. गुरुजी त्यातील हसू फार वेळ टिकू देत नाहीत. मुलाने भित्रा म्हणवून घेऊ नये, ही आईची तळमळ समोर येते आणि प्रसंग संस्काराकडे वळतो. ही वळणवाट त्या पुस्तकाच्या प्रकृतीला धरूनच आहे. परंतु एकाच आठवणीत हसू आणि आसू या दोन्ही शक्यता असतात आणि त्यांपैकी कोणती फुलवायची हा लेखकाचा निर्णय असतो, हे येथे स्पष्ट होते. म्हणून विनोदी आठवण अनुभवाने उथळ असते, असे गृहीत धरता येत नाही.

विनोद : साक्ष देण्याची रीत

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (चार भाग, १९३४-३६) या दृष्टीने विशेष महत्त्वाची ठरतात. गोदाकाठच्या जलालपूर येथील त्यांचे माहेर वडिलांच्या सोवळ्याने ग्रासलेले होते. १८५७च्या उठावानंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली आणि त्या धक्क्यातून वडिलांच्या मनात सोवळ्याचे वेड शिरले. घरात येणारा प्रत्येक जिन्नस पाण्यातून काढला जाई; त्यातून मीठही सुटत नसे. मीठ धुतल्यावर काय उरणार, हे लहान मुलालाही कळते. ते घरातील कर्त्या पुरुषाला कळत नाही, एवढ्या एका विसंगतीवर तो सारा विनोद उभा आहे.

लक्ष्मीबाई वडिलांवर आरोप ठेवत नाहीत, त्यांची कीवही करीत नाहीत. धुणे, पुसणे, वाळवणे आणि निमूट सोसणे हे घरातील बायकामुलांच्या वाट्याला आलेले काम त्या केवळ सांगत जातात. वाचक हसतो; काही वेळाने त्या हसण्यामागची दहशत त्याच्या लक्षात येते. हीच हकिगत आक्रोशाच्या स्वरात आली असती, तर वडिलांचे 'खलनायक' झाले असते आणि वेडामागची वेदना झाकली गेली असती. विनोदामुळे दोन्ही बाजू एकाच वेळी दिसतात. कुटुंबातील सत्तेचा असा निःपक्षपाती जबाब मराठीत फार थोड्या ठिकाणी सापडतो.

प्रकाश नारायण संत यांच्या 'वनवास'पासून (१९९४) सुरू होणाऱ्या लंपनच्या कथा तांत्रिकदृष्ट्या आत्मचरित्र नव्हेत. तथापि त्यांची मुळे लेखकाच्या बेळगाव भागातील बालपणात आहेत. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढणाऱ्या या मुलाच्या बोलण्यातील अवाढव्य आकडे आणि कन्नडच्या शेजाराने घडलेली मराठी वाचकाला पदोपदी हसवतात. परंतु जे दुःख थेट सांगण्याची भाषा त्या वयाजवळ नसते, ते नेमके या अतिशयोक्तीतून व्यक्त होते. झाडे, माळ आणि वाटा यांतून त्याचे भटकणे केवळ निसर्गवर्णनासाठी येत नाही; घरात न मावणारे एकटेपण तेथे मावते. येथे विनोदाची सारी भिस्त बोलीवर आणि भूप्रदेशावर आहे. ती बोली प्रमाण मराठीत आणली किंवा तो परिसर वजा केला, तर लंपन उरत नाही.

वसईचा संदर्भ

हा शेवटचा मुद्दा वसईला थेट लागू पडतो. पश्चिम पट्ट्यातील केळीच्या व पानवेलीच्या वाड्या, विहिरींवरचे रहाट, गावोगावची बावखले, उन्हात वाळणारी सुकेळी, मिठागरे आणि समुद्रकिनारा हे येथील बालपणाचे अंगण होते. सामवेदी अर्थात कादोडी, वाडवळी, कोळी, आगरी आणि वारली अशा बोली त्या अंगणात नांदत होत्या. नंदाखाल येथे १९४२ साली जन्मलेले आणि २०२० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे आत्मकथन 'नाही मी एकला' आणि सिसिलिया कार्व्हालो यांचे ललितलेखन यांमुळे हा प्रदेश मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला. २०२४ साली निधन पावलेल्या दिब्रिटोंनी 'हरित वसई' चळवळीचे नेतृत्व केले होते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. ज्या परिसराच्या आठवणी लिहायच्या, तो परिसरच राखण्यासाठी येथील लेखकाला रस्त्यावर उतरावे लागले.

वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. पालघर जिल्हा २०१४ साली अस्तित्वात आला. शहरीकरण त्याआधीच सुरू झालेले होते. बावखल बुजले की पाण्याचा साठा जातो. त्याबरोबर बावखलात पडलेल्या मुलाची गोष्टही निराधार होते. पुढच्या पिढीला ती सांगताना प्रथम बावखल म्हणजे काय हे समजावावे लागते आणि खुलासा करावा लागलेला विनोद निम्मा मरतो. दुःखाची आठवण भाषांतरात बऱ्याच अंशी टिकते. बोलीतील चेष्टा, टोपणनावे आणि नात्यांच्या हाका तशा टिकत नाहीत. म्हणूनच ज्या आठवणी समीक्षेने हलक्या मानल्या, त्याच नष्ट होण्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक आहेत.

मर्यादा

विनोदी आठवणींचे सरसकट गौरवीकरण मात्र योग्य ठरणार नाही. कोण हसतो आणि कोणाच्या जिवावर हसतो, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. वाडीत हुंदडणाऱ्या मुलाच्या गोष्टीत वाडी शिंपणारा आदिवासी मजूर बहुधा पार्श्वभूमीला राहतो. त्याच्या मुलाचे बालपण त्याच वाडीत, पण कामात गेलेले असते. विहिरीत पोहणाऱ्या मुलांच्या गमती रंगतात. त्याच विहिरीचे पाणी वाहणाऱ्या मुलींच्या गमती क्वचित ऐकू येतात. लक्ष्मीबाईंचे मोठेपण येथे पुन्हा जाणवते. त्यांचा विनोद सत्ता असणाऱ्याकडे रोखलेला आहे आणि राबणाऱ्यांचे श्रम त्यातून निसटत नाहीत. स्मरणरंजन आणि स्मृतिलेखन यांतील भेद ओळखण्यास हा निकष उपयुक्त ठरतो.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, ग्रामीण बालपणाच्या आठवणींतील विनोद हा गांभीर्याचा अभाव नसून कौटुंबिक सत्ता, एकटेपण आणि परिसर यांची नोंद करण्याची एक स्वतंत्र पद्धत आहे. तिचे मूल्यमापन विनोद कोणाकडे रोखलेला आहे, तो कोणत्या बोलीत उभा आहे आणि त्यात कोणाचे श्रम दिसतात वा लपतात, या तीन कसोट्यांवर करणे उचित ठरेल. वसई-विरारमधील महाविद्यालयांच्या वर्गांत आज वाडीवाल्यांची, मच्छीमारांची आणि आदिवासी मजुरांची नातवंडे एकत्र बसतात. त्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या हसऱ्या आठवणी मूळ बोलीत, शब्दार्थांसह आणि स्थळांच्या नोंदींसह संकलित करणे हे मराठी, इतिहास व भूगोल या विभागांना मिळून हाती घेता येण्याजोगे काम आहे. रहाट स्वतः हाकलेली पिढी आज वृद्ध झालेली असल्याने ते लांबणीवर टाकता येणार नाही.