कडवी गळालेली गाणी

अमेरिकेतल्या ख्रिस्ती सुगम संगीताची पेठ म्हणजे नॅशव्हिल. रेकॉर्ड कंपन्या, रेडिओ, दरवर्षीचे डव्ह पुरस्कार, असा सगळा पसारा तिथे आहे. १९७० च्या आगेमागे गिटार घेऊन येशूची गाणी गाणाऱ्या हिप्पी पोरांनी मांडलेल्या खेळाचा बघता बघता धंदा झाला. आता या संगीताचा तोल चर्चमध्ये सगळ्यांनी मिळून गायच्या उपासनागीतांकडे झुकला आहे. ती येतात हिलसाँग, बेथेल, एलिव्हेशन अशा मोजक्या बड्या चर्चांमधून. आवाज तयार, ध्वनिमुद्रण चोख; पण चार गाणी लागोपाठ ऐकली की कुठलं कुणाचं ते सांगता येत नाही.

गायक-गीतकार रिच मलिन्सचं गाणं मात्र लगेच ओळखू येतं, आणि या घसरणीत त्याच्याच सर्वांत गाजलेल्या गाण्याचा वाटा आहे. १९५५ साली इंडियाना राज्यातल्या रिचमंडमध्ये जन्म, बालपण शेतावर, आई क्वेकर. १९८२ मध्ये गायिका एमी ग्रँटने त्याचं एक गाणं गायलं आणि गीतकार म्हणून त्याचं नाव झालं. १९८८ मध्ये 'ऑसम गॉड' आलं. त्याच्या कडव्यांत मेघगर्जना आहे, एदेन बागेतून झालेली हकालपट्टी आहे, सदोम नगरावरचा कोप आहे. मलिन्स ती जवळजवळ बोलल्यासारखी म्हणतो. लोकांनी उचललं ते फक्त ध्रुवपद, आणि आजही पुष्कळ ठिकाणी तेवढंच आळवलं जातं. रचना म्हणून हे गाणं आपल्याला नीट साधलं नाही, असं मलिन्स स्वतःच म्हणत असे. मला ते पटतं.

त्याच सुमारास चर्चमधल्या गायनासाठी वार्षिक परवाना देणारी व्यवस्था अमेरिकेत सुरू झाली. जे गाणं जास्त चर्चमध्ये गायलं जातं, त्याला मानधनाचा वाटा जास्त. मग पहिल्याच फेरीत जमावाच्या ओठी बसेल असं लिहिण्याकडे गीतकारांचा कल वाढला, यात नवल ते काय!

मलिन्सचा खरा वकूब दिसतो तो १९९३ च्या 'अ लिटर्जी, अ लेगसी अँड अ रॅगामफिन बँड' या संग्रहात. पूर्वार्धात उपासनेचा क्रम, उत्तरार्धात अमेरिकन माणसाचा वारसा. 'क्रीड' या गाण्यात त्याने चर्चचा प्राचीन विश्वासांगीकार जवळजवळ जसाच्या तसा घेतला आहे. सोबतीला हॅमर्ड डल्सिमर, म्हणजे आपल्या संतूरच्या जातकुळीतलं वाद्य. छोट्या काठ्यांनी तारांवर धरलेली ती लगबगीची लय मागे चालू राहते आणि शतकानुशतकांचे घोटीव शब्द एकदम ताजे वाटू लागतात. चाल म्हणजे काय करू शकते, ते इथे कळतं. त्याच्या गाण्यांत कॅन्ससची माळरानंही येतात. आजच्या उपासनागीतांत गावाचं नाव शोधून सापडत नाही.

उणिवाही आहेत. सुरुवातीच्या रेकॉर्डवरचे सिंथेसायझर आता कानाला खुपतात, आणि गळा काही फार मोठा नव्हता. चाहत्यांनी त्याचा संत करून टाकला आहे, तेही मला रुचत नाही. पण आयुष्य विलक्षण होतं खरं. कमाई परस्पर चर्चमधल्या मंडळींकडे जाई. ते त्याला सामान्य अमेरिकन कामगाराएवढा पगार देत आणि उरलेलं दान करत. आपण किती कमावतो, हे त्याने कधी विचारलं नाही. चाळिशीच्या उंबरठ्यावर विचिटाच्या फ्रेंड्स विद्यापीठातून संगीतशिक्षणाची पदवी घेतली आणि न्यू मेक्सिकोत नाव्हाहो या आदिवासी जमातीतल्या मुलांना शिकवायला गेला. १९ सप्टेंबर १९९७ रोजी इलिनॉयमधल्या महामार्गावरच्या अपघातात तो गेला. वर्षातला सर्वोत्तम कलाकार म्हणून डव्ह पुरस्कार मिळाला तो १९९८ मध्ये, मरणोत्तर.

मृत्यूच्या काही दिवस आधी एका ओस पडलेल्या चर्चमध्ये त्याने साध्या कॅसेट रेकॉर्डरवर नऊ गाणी भरून ठेवली होती. 'द जीझस रेकॉर्ड' या जोडसंचात पहिल्या तबकडीवर मित्रांनी सजवलेली तीच गाणी आहेत, दुसऱ्या तबकडीवर मूळ कॅसेट. ऐकणाऱ्याने दुसरीपासून सुरुवात करावी. पहिली नाही ऐकली तरी चालेल.