गेमिंग कन्सोलमधील पूर्वसुसंगतता आणि क्रॉस-प्ले : एक चिकित्सा

प्रास्ताविक

मुद्रित पुस्तक वाचण्यासाठी प्रकाशकाने तयार केलेला विशिष्ट चष्मा लागत नाही. पन्नास वर्षांपूर्वीची प्रत आजही कपाटातून काढून वाचता येते आणि दुसऱ्याला देताही येते. व्हिडिओ गेम या माध्यमाची स्थिती याहून मूलतः वेगळी आहे. कन्सोलसाठी तयार केलेला खेळ एका विशिष्ट उत्पादकाच्या विशिष्ट पिढीतील यंत्राशी बांधलेला असतो. ते यंत्र बाजारातून गेले की खेळही हळूहळू मुका होतो. या बंधनातून दोन प्रश्न निर्माण होतात. जुन्या यंत्रासाठी घेतलेला खेळ नव्या यंत्रावर चालावा काय, हा पहिला प्रश्न. एका कंपनीच्या यंत्रावरील खेळाडूला दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरील खेळाडूबरोबर तोच खेळ खेळता यावा काय, हा दुसरा. पहिल्या गुणाला येथे पूर्वसुसंगतता म्हटले आहे. व्यवहारात त्यास बॅकवर्ड कंपॅटिबिलिटी असे नाव आहे. दुसऱ्यासाठी क्रॉस-प्ले हा रूढ शब्दच वापरला आहे.

या दोन सोयींना प्रत्यक्षात किती महत्त्व आहे, याविषयी उद्योगात आणि ग्राहकांमध्ये दीर्घकाळ वाद आहे. तो बहुधा विक्रीच्या आणि वापराच्या आकड्यांवर लढवला जातो. हे मापच अपुरे आहे आणि दोन्ही प्रश्नांच्या मुळाशी मालकी व नियंत्रण यांचा एकच प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वसुसंगततेचे स्वरूप

पूर्वसुसंगतता ही नवी कल्पना नाही. १९८६ मध्ये सर्वत्र विक्रीस आलेल्या अटारी ७८०० या कन्सोलवर १९७७ च्या अटारी २६०० चे खेळ चालत असत. निन्टेन्डोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रांमध्ये ही परंपरा विशेष दिसते. १९९८ चा गेम बॉय कलर आणि २००१ चा गेम बॉय ॲडव्हान्स ही दोन्ही यंत्रे १९८९ च्या मूळ गेम बॉयची कार्ट्रिजे स्वीकारत होती. २००४ च्या डीएसवर गेम बॉय ॲडव्हान्सचे, तर २०११ च्या थ्रीडीएसवर डीएसचे खेळ चालत.

ही सोय साध्य करण्याचे स्थूलमानाने दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे जुन्या यंत्राचे घटक नव्या यंत्रातच बसवणे. सोनीच्या २००० सालच्या प्लेस्टेशन २ मध्ये पहिल्या प्लेस्टेशनचा प्रोसेसर होता. नव्या खेळांच्या वेळी तो आदान-प्रदानाची कामे करी आणि जुनी डिस्क घातली की मूळ भूमिकेत जाई. दुसरा मार्ग अनुकरणाचा, म्हणजेच इम्युलेशनचा. यात जुन्या यंत्राचे वर्तन सॉफ्टवेअरद्वारे उभे केले जाते. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये प्रोसेसरची जात पूर्णतः बदलली होती. त्यामुळे मायक्रोसॉफ्टला हा दुसरा मार्ग घ्यावा लागला आणि मूळ एक्सबॉक्सचे सर्व नव्हे, तर यादीतील निवडक खेळच त्यावर चालू शकले.

पहिला मार्ग विश्वसनीय असला तरी खर्चिक आहे. २००६ मध्ये जपान व अमेरिकेत आलेल्या आरंभीच्या प्लेस्टेशन ३ मध्ये प्लेस्टेशन २ चे मुख्य घटक होते. अमेरिकेत या यंत्राच्या दोन आवृत्त्यांची किंमत ४९९ व ५९९ डॉलर होती आणि तीवर मोठी टीका झाली. २००७ च्या युरोपीय आवृत्तीतून प्रोसेसर काढून अंशतः अनुकरणाचा आधार घेण्यात आला. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात आलेल्या ३९९ डॉलरच्या आवृत्तीत तर प्लेस्टेशन २ चे खेळ चालवण्याची सोयच उरली नाही. तात्पर्य, पूर्वसुसंगततेला किंमत आहे आणि ती ज्यांना नको आहे तेही मोजतात. हा आक्षेप गंभीर असून तो भावनेच्या भरात डावलता येणार नाही.

विक्रीच्या कसोटीची मर्यादा

पूर्वसुसंगतता विक्री वाढवते, असे तिचे समर्थक अनेकदा सांगतात. इतिहास मात्र त्यांना निःसंदिग्ध पुरावा देत नाही. प्लेस्टेशन २ हा आजवर सर्वाधिक खपलेला घरगुती कन्सोल आहे आणि त्यावर जुने खेळ चालत होते, हे खरे. परंतु २०१३ च्या प्लेस्टेशन ४ वर प्लेस्टेशन ३ ची डिस्क चालत नसतानाही त्याची विक्री ११ कोटी ७० लाखांच्या घरात गेली. २०१७ च्या निन्टेन्डो स्विचवर आधीच्या वी यूचे खेळ चालत नव्हते, तरी त्याने १५ कोटींचा टप्पा ओलांडला. उलट, वीचे खेळ चालवणारा २०१२ चा वी यू सुमारे १ कोटी ३६ लाखांवर थांबला. यावरून एवढेच म्हणता येते की, ही सोय यशासाठी अनिवार्य नाही आणि पुरेशीही नाही.

वापराच्या आकड्यांविषयीचा वाद याहून उद्बोधक आहे. सोनीच्या गेम विभागाचे तत्कालीन वरिष्ठ अधिकारी जिम रायन यांनी २०१७ मध्ये असे मत मांडले की, या सोयीची मागणी पुष्कळ होते, पण तिचा प्रत्यक्ष वापर फारसा होत नाही. त्याच वर्षी आर्स टेक्निका या तंत्रविषयक प्रकाशनाने एक्सबॉक्स वनवरील खेळाडूंच्या नमुन्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात जुन्या खेळांचा वाटा एकूण वापराच्या सुमारे १.५ टक्का आढळला. मायक्रोसॉफ्टने त्यास उत्तर देताना सांगितले की, एक्सबॉक्स वनच्या जवळजवळ निम्म्या धारकांनी ही सोय वापरली असून तिचे एकूण तास ५० कोटींहून अधिक आहेत.

वरकरणी ही दोन विधाने परस्परविरोधी भासतात. वस्तुतः ती दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात. एका माणसाने जुना खेळ वर्षातून एकदा दोन तास खेळला तर तासांच्या हिशोबात तो नगण्य ठरतो, पण वापरकर्त्यांच्या मोजणीत तो पूर्ण एक धरला जातो. महाविद्यालयीन ग्रंथालयाचे उदाहरण येथे समर्पक ठरेल. देवघेवीच्या नोंदीत क्रमिक पुस्तकांचा वाटा प्रचंड आणि जुन्या नियतकालिकांच्या बांधीव खंडांचा वाटा अल्प असतो. म्हणून ते खंड रद्दीत घालावेत, असा निष्कर्ष कोणी काढत नाही. उपलब्धतेचे मूल्य वापराच्या वारंवारतेने ठरत नसते. रायन यांचे विधान आकडेवारीच्या दृष्टीने चुकीचे नसेलही. परंतु त्यातून निघणारे अनुमान सदोष आहे.

परवान्याचा प्रश्न आणि सांस्कृतिक हानी

उपलब्धतेचा प्रश्न किती तीव्र आहे, हे व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने सॉफ्टवेअर प्रिझर्व्हेशन नेटवर्कच्या सहकार्याने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून दिसते. २०१० पूर्वी अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ आज अधिकृत बाजारात मिळत नाहीत, असे त्यात आढळले. त्याच वर्षी मार्चमध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएस व वी यू यांवरील ऑनलाइन विक्री बंद केली. जुलै २०२४ मध्ये एक्सबॉक्स ३६० चे दुकानही बंद झाले. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये, ग्रंथालयांनी जतन केलेले खेळ संशोधकांना दूरस्थपणे उपलब्ध करून देण्याची सवलत नाकारली. म्हणजे बाजार खेळ विकत नाही आणि ग्रंथालयाला तो देता येत नाही. अशा परिस्थितीत नव्या यंत्राने जुना खेळ चालवणे हे जतनाचे एक महत्त्वाचे साधन ठरते.

मराठीच्या अभ्यासकांना हा अनुभव अपरिचित नाही. युनिकोडपूर्व काळातील खासगी फॉन्टमध्ये टंकलिखित केलेल्या असंख्य मराठी संहिता आज तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्या की निरर्थक चिन्हांची रांग दिसते. संहिता नष्ट झालेली नसते. तिची किल्ली हरवलेली असते. कन्सोलवरील खेळांचे दुखणे याच जातीचे आहे.

तथापि, पूर्वसुसंगततेच्या आधुनिक रूपाविषयीही सावध राहणे आवश्यक आहे. एक्सबॉक्स वनवर नोव्हेंबर २०१५ पासून उपलब्ध झालेल्या सोयीत जुनी डिस्क घातली असता खेळ डिस्कवरून चालत नाही. डिस्क केवळ मालकीचा दाखला म्हणून तपासली जाते आणि खेळाची नव्याने बांधलेली प्रत इंटरनेटवरून उतरवली जाते. साहजिकच त्यासाठी मूळ हक्कदाराची अनुमती लागते. नोव्हेंबर २०२१ मध्ये शेवटचे खेळ जोडताना मायक्रोसॉफ्टने परवाने, कायदेशीर बाबी व तांत्रिक अडचणी यांमुळे यादी येथे संपत असल्याचे सांगितले. जो खेळ यादीत नाही, त्याची डिस्क ग्राहकाच्या हातात असूनही नव्या यंत्रावर निरुपयोगी आहे. म्हणजेच ग्राहक जिला हक्क समजतो, ती प्रत्यक्षात उत्पादकाने दिलेली आणि उत्पादकाच्या सेवेवर विसंबलेली सवलत आहे.

क्रॉस-प्ले : सुसंगततेचे अर्थकारण

पूर्वसुसंगतता काळाची भिंत ओलांडते, तर क्रॉस-प्ले बाजाराची. तांत्रिकदृष्ट्या क्रॉस-प्ले २००२ मध्येच शक्य झाला होता. फायनल फँटसी ११ या खेळात प्लेस्टेशन २ आणि संगणक यांवरील खेळाडू एकाच जगात वावरत होते व २००६ पासून त्यांत एक्सबॉक्स ३६० वरील खेळाडूंचीही भर पडली. मग पुढील दशकभर तो अपवादच का राहिला, हा खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. मायकेल काट्झ व कार्ल शपिरो यांनी १९८५ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमधील आपल्या लेखात दाखवले की, ज्या वस्तूचे मूल्य तिच्या इतर वापरकर्त्यांच्या संख्येवर अवलंबून असते, तिच्या बाजारात मोठे जाळे असलेली संस्था सुसंगततेस विरोध करते आणि लहान जाळे असलेली संस्था तिचे स्वागत करते. समाजाचे एकूण हित सुसंगततेत असले तरी मोठ्या संस्थेचा विरोध टिकू शकतो.

कन्सोलच्या इतिहासात या सिद्धान्ताचा पडताळा येतो. फायनल फँटसी १४ हा खेळ २०१३ मध्ये प्लेस्टेशन ३ व संगणक यांवर एकत्र खेळता येई. तो एक्सबॉक्सवर का नाही, याचे कारण निर्माते नाओकी योशिदा यांनी मायक्रोसॉफ्टच्या तत्कालीन धोरणात असल्याचे सांगितले होते. पुढील पिढीत प्लेस्टेशन ४ आघाडीवर गेला आणि भूमिका बदलल्या. मार्च २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने क्रॉस-प्लेचे दार उघडले व २०१८ मध्ये निन्टेन्डो आणि मायक्रोसॉफ्ट यांनी माइनक्राफ्टची एकत्रित जाहिरातही केली. आता नकार सोनीकडून येत होता. २०१७ मध्ये त्यासाठी लहान मुलांच्या सुरक्षिततेचे कारण देण्यात आले. जून २०१८ मध्ये फोर्टनाइट स्विचवर आला, तेव्हा प्लेस्टेशनशी जोडलेले खाते स्विचवर चालेना आणि खेळाडूंचा रोष उसळला. सप्टेंबर २०१८ मध्ये सोनीने त्या खेळापुरती प्रायोगिक परवानगी दिली.

सुरक्षिततेचे कारण संपूर्णपणे खोटे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. परक्या जाळ्यातील वर्तनावर देखरेख ठेवणे कठीणच असते. परंतु २०२१ मध्ये एपिक विरुद्ध ॲपल या खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांनी वेगळी बाजू दाखवली. खेळाडू मुख्यतः प्लेस्टेशनवर खेळतो, पण खर्च अन्यत्र करतो, आणि ही तफावत ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर प्रकाशकाने सोनीला भरपाई द्यावी, अशी अट त्यांत होती. म्हणजे भिंतीमागील मुख्य चिंता महसुलाच्या गळतीची होती. खेळाडूंची मैत्री हीच येथे तारण वस्तू बनली होती. मित्रमंडळ ज्या यंत्रावर आहे तेच यंत्र विकत घ्यावे लागणे, हा त्या तारणाचा व्यावहारिक अर्थ होय.

क्रॉस-प्लेच्याही मर्यादा आहेत. माउसने नेम धरणारा आणि हातातील कंट्रोलर वापरणारा यांच्यातील स्पर्धा समतोल नसते. शिवाय, भिंत पडल्यावर स्वातंत्र्य आपोआप खेळाडूच्या हाती येत नाही. क्रॉस-प्लेसाठी बहुधा प्रकाशकाचे स्वतंत्र खाते काढावे लागते. कुलूप कन्सोलच्या उत्पादकाकडून प्रकाशकाकडे जाते, एवढाच फरक पडतो. प्रकाशकाने सर्व्हर बंद केले तर पूर्वसुसंगतता व क्रॉस-प्ले दोन्ही व्यर्थ ठरतात. युबिसॉफ्टने ३१ मार्च २०२४ रोजी द क्रू या खेळाचे सर्व्हर बंद केल्यावर तो खेळ कोणत्याही यंत्रावर खेळण्याजोगा राहिला नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

१. पूर्वसुसंगतता कन्सोलचे व्यापारी यश ठरवत नाही. तिचे समर्थन विक्रीच्या आकड्यांवर उभे करणे दुबळे आहे आणि वापराच्या अल्प टक्केवारीवरून तिला निरर्थक ठरवणेही तितकेच दुबळे आहे.

२. क्रॉस-प्लेचा विलंब हा मुख्यतः तंत्राचा नसून बाजारातील बळाचा परिणाम होता. ज्याची बाजू वरचढ, त्याने भिंत राखली; बाजू पालटताच युक्तिवादही पालटले.

३. दोन्ही सोयी उत्पादकाच्या मर्जीवर असल्याने त्या हक्काच्या पातळीवर पोहोचलेल्या नाहीत. डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला केवळ परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगण्याचे बंधन घालणारा कॅलिफोर्नियाचा २०२४ चा कायदा हे या दिशेचे एक पाऊल आहे. मात्र तो माहिती देतो, मालकी देत नाही.

गेमिंग कन्सोलमध्ये या सोयींना महत्त्व आहे काय, या प्रश्नाचे उत्तर होकारार्थीच द्यावे लागते. परंतु ते अधिक खेळ फुकट मिळतात म्हणून नव्हे. एखादे माध्यम संस्कृतीचा भाग व्हावयाचे असेल तर त्यातील कृती एका पिढीकडून दुसरीकडे जाव्या लागतात आणि त्यांचा आस्वाद एकत्र घेता यावा लागतो. पूर्वसुसंगतता पहिली अट पुरी करते, क्रॉस-प्ले दुसरी. त्या दोन्ही अटी जोवर कंपन्यांच्या व्यापारी हिशोबावर सोपवलेल्या आहेत, तोवर या माध्यमाचा इतिहास प्रत्येक नव्या यंत्राबरोबर पुन्हा शून्यापासून सुरू होण्याचा धोका कायम आहे.