जॉन न्यूटन: स्तोत्रें आणि कबुली

जॉन न्यूटन (१७२५-१८०७) याचें चरित्र सांगणारे त्याला बहुधा वाल्या कोळ्याच्या कथेचें रूप देतात. १७४८ च्या मार्चांत अटलांटिक महासागरांत वादळ झालें; बुडूं पाहणाऱ्या जहाजावर या उद्धट खलाशानें देवाचा धांवा केला; गुलामांचा व्यापारी धर्मोपदेशक झाला, आणि त्याच्या लेखणींतून 'अमेझिंग ग्रेस' हें जगद्विख्यात स्तोत्र उतरलें. कथा गोड आहे. पण तींत मधलीं चाळीस वर्षें गाळलेलीं आहेत.

वादळानंतर न्यूटननें तो व्यापार सोडला नाहीं. उलट १७५० ते १७५४ या काळांत कप्तान म्हणून त्यानें आफ्रिकेच्या तीन सफरी केल्या. डेकवर रविवारची उपासना चाले. खालीं माणसें बेड्यांत पडलेलीं असत. पुढें त्यानें समुद्र सोडला, तोही प्रकृति बिघडल्यामुळें.

१७६४ सालीं प्रसिद्ध झालेलें त्याचें पत्ररूप आत्मवृत्त ओघवतें आहे. आपली शिवराळ वाणी, नास्तिक्य, स्वैराचार यांपैकीं कांहींच तो लपवीत नाहीं. मात्र ज्या माणसांना त्यानें विकलें, त्यांचा अपराध आपण केला, ही जाणीव तेथें आढळत नाहीं. त्याच वर्षीं तो ऑल्नी गांवीं धर्मोपदेशक झाला. कूपर कवीसह १७७९ त त्यानें काढलेल्या स्तोत्रसंग्रहांत पापाची कबुली आहे, व ती अकृत्रिम आहे. पण ती केवळ देवापुढची आहे. पीडितांपुढची कबुली अजून यावयाचीच होती.

ती १७८८ त आली. साठी उलटलेल्या न्यूटननें गुलामांच्या व्यापारावर एक लहानशी पुस्तिका लिहिली. तींत अलंकार नाहींत. ठेंगण्या जागेंत दाटीनें निजविलेलीं माणसें, अंगठे चेंगरणारे स्क्रू, या धंद्यानें निबर झालेलीं खलाशांचीं मनें, हें सारें तो डोळ्यांनीं पाहिल्याप्रमाणें नोंदतो, आणि आपली कबुली फार उशिरां येत आहे, हेंही सांगतो. १७९० त त्यानें पार्लमेंटच्या समितीपुढें साक्ष दिली. १८०७ च्या मार्चांत ब्रिटिश गुलामव्यापार बंद करणारा कायदा झाला. त्याच डिसेंबरांत न्यूटन वारला.

वाङ्मयगुणांच्या दृष्टीनें स्तोत्रें सरस आहेत, यांत वाद नाहीं. तरी न्यूटनचा पश्चात्ताप पुरा झाला तो या रूक्ष गद्यांत, असें आमचें मत आहे. स्तोत्रांत स्वतः तरल्याचा आनंद आहे. पुस्तिकेंत जे तरले नाहींत, त्यांची आठवण आहे. ज्यांना पहिला स्वर प्रिय आहे, त्यांनीं दुसराही ऐकावा.