‘अस्तु’ : स्वीकार की शरणागती? (स्मृतिभ्रंशाचे चित्रण व मेंदूतील श्वेत द्रव्य यांच्या संदर्भात)

वार्धक्य हा मराठी नाटक-चित्रपटांचा जुना विषय आहे. परंतु वार्धक्यातील मेंदूविकार हा विषय मध्यवर्ती ठेवणाऱ्या कलाकृती मोजक्याच. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ (२०१३) हा त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा चित्रपट होय. उत्कृष्ट संवाद (सुमित्रा भावे) व उत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्री (अमृता सुभाष) असे दोन राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभले. प्रस्तुत लेखात त्याच्या कलात्मक यशाबरोबरच त्याने प्रेक्षकाच्या मनात रुजविलेल्या आजाराच्या कल्पनेचा विचार केला आहे.

संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक चक्रपाणी शास्त्री यांना अल्झायमर झाला आहे. कन्येच्या गाडीत बसलेले असताना रस्त्याने जाणारा हत्ती पाहून ते लहान मुलासारखे त्याच्यामागे निघून जातात व हरवतात. स्वतः मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी ही भूमिका केली आहे. त्यांच्या अभिनयात कोठेही वेडाचे प्रदर्शन नाही. नजर एखाद्या वस्तूवर स्थिरावते आणि त्या वस्तूचा मागच्या-पुढच्या कशाशीच संबंध उरत नाही, एवढेच ते दाखवितात. चित्रपटाची खरी समज येथे आहे असे आम्हांस वाटते.

स्मृती म्हणजे कोठार आणि विस्मरण म्हणजे कोठार रिकामे होणे, अशी आपली रूढ कल्पना. मेंदूचे शास्त्र याहून वेगळे चित्र मांडते. मेंदूच्या आकारमानाचा जवळजवळ निम्मा भाग श्वेत द्रव्याने, म्हणजे मायलिन या स्निग्ध आवरणाने वेढलेल्या चेतातंतूंनी व्यापलेला असतो. हे तंतू म्हणजे मेंदूतील रस्तेच. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००३ साली केलेल्या मोजणीनुसार विशीतील पुरुषाच्या मेंदूत अशा तंतूंची एकूण लांबी सुमारे १,७६,००० किलोमीटर भरते. ऐंशीव्या वर्षी ती सुमारे ९७,००० वर येते. सामान्य वार्धक्यात ही झीज विशेषतः कपाळामागील भागात होते. म्हणून वृद्धास नाव उशिरा आठवते, पण आठवते. अल्झायमरमध्ये मात्र स्मृतिकेंद्राला इतर भागांशी जोडणारे तंतू लवकर बाधित होतात, तेथे उशीर हा प्रश्नच राहत नाही. शास्त्रीबुवांचे पांडित्य पुसले गेलेले नाही, त्याच्याकडे जाणारी वाट मोडली आहे. आगाशे यांचा अभिनय हेच सांगतो.

आक्षेप आहे तो शीर्षकातील भावावर. ‘अस्तु’ म्हणजे ‘तसे असो’. माहुताची पत्नी चन्नम्मा त्या हरवलेल्या वृद्धास कोणताही प्रश्न न विचारता मूल म्हणून स्वीकारते, तर सुशिक्षित कन्या इरा अपराधभावाने पोळत राहते. ही तुलना हृद्य आहे, परंतु ती थोडी सोयीचीही आहे. चन्नम्माची सेवा काही तासांची, इराची काही वर्षांची. शिवाय दोन्ही टोकांना सेवा करणारी स्त्रीच आहे, याकडे समीक्षेने फारसे लक्ष दिलेले नाही. आजार जडल्यावर ‘अस्तु’ म्हणणे हे शहाणपण खरे. पण आजारापूर्वीच्या वीस वर्षांना ते लागू करता येत नाही.

एम.आर.आय. चित्रात वृद्धांच्या श्वेत द्रव्यात जे शुभ्र डाग दिसतात, त्यांचे एक प्रमुख कारण म्हणजे उच्च रक्तदाब व मधुमेह यांनी सूक्ष्म रक्तवाहिन्यांची केलेली हानी. असे डाग व अल्झायमर एकाच मेंदूत पुष्कळदा एकत्र नांदतात. अमेरिकेतील ‘स्प्रिंट माइंड’ या अभ्यासात (२०१९) वरचा रक्तदाब १२० च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात सुमारे चार वर्षांत या डागांची वाढ ०.९२ घन सेंटिमीटर झाली, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात १.४५. स्मृतिभ्रंशाचे प्रमाण त्यात निर्णायकपणे घटले नाही, हेही नमूद केले पाहिजे. मात्र त्याआधीची सौम्य बौद्धिक घट कमी आढळली. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली चौदा टाळता येण्याजोगे घटक सांगितले, त्यांत अल्पशिक्षणही आहे. चित्रपटाचा रोख तिकडे नाही. कलाकृतीने आरोग्यपत्रिका व्हावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु नियतीचा जो सूर तो लावतो, तो आपल्या ‘साठी बुद्धी नाठी’ या म्हणीला फार सहज जाऊन मिळतो.

वाशीम जिल्ह्यात हा सूर अधिक महाग पडतो. पुण्याच्या गर्दीत शास्त्रीबुवा हरवतात, म्हणून पोलीस, कुटुंब, प्रेक्षक सारेच हलतात. रिसोड किंवा मानोऱ्याकडच्या खेड्यात वाट चुकलेल्या म्हाताऱ्यास कोणीतरी ओळखीचा हाताला धरून घरी आणून सोडतो, आणि ‘म्हातारचळ लागला’ एवढ्यावर विषय संपतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अखिल भारतीय पाहणीत साठीपुढील ७.४ टक्के लोकांत, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींत, स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. प्रमाण स्त्रियांत व ग्रामीण भागात अधिक. तरुण मुले पुण्या-मुंबईस गेलेल्या घरांत मागे राहिलेली ही आजी आपल्या पडद्यावर अद्याप आलेली नाही. तिच्याजवळ संस्कृत श्लोक नसतील, जात्यावरच्या ओव्या असतील, आणि नातवाचे नाव गेल्यावरही त्या तिच्या ओठांवर येत असतील.