गाठीचा नकाशा : ठिपका केवढा?

कर्करोगाच्या गाठीचे रंगीत नकाशे आता लोकप्रिय लेखांतूनही छापले जातात. चित्रे मोहक असतात. खाली प्रमाण मात्र पुष्कळदा नसते. आमचा आक्षेप तेथेच आहे.

पद्धत मोलाची खरी. गाठीचा तुकडा वाटून त्यातील जनुके मोजणे म्हणजे जळगाव जिल्ह्याची सरासरी काढणे. तीत रावेर-यावलची केळी आणि पारोळ्याचा कोरडवाहू कापूस एक होतात. गालाच्या कर्करोगावरील २०१३ सालच्या भारतीय अभ्यासात खारघरची 'अ‍ॅक्ट्रेक' संस्था होती. कोणती जनुके बदलली हे त्यातून कळले; बदललेल्या पेशी गाठीत कोठे बसल्या आहेत, हे त्या पद्धतीने कळणारे नव्हते.

२०१६ साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी गाठीचा पातळ काप ठिपक्यांच्या काचेवर ठेवला. प्रत्येक ठिपक्यावर पत्त्यासारखी डीएनएची खूण. त्यावरून आरएनए कोणत्या जागेचा ते समजते. तो ठिपका १०० मायक्रॉनचा होता, पुढच्या 'व्हिजियम' काचेवर ५५ चा झाला. पेशी साधारण १० ते २० मायक्रॉनची. कर्कपेशी आणि तिला मारायला आलेली पांढरी पेशी एकाच ठिपक्यात पडल्या, की पुन्हा सरासरीच! रंगही संगणकाने भरलेले. एकेक पेशी दाखवणाऱ्या पद्धती आता आहेत, पण त्यांतील अनेकींना आधी निवडलेली जनुकेच दिसतात.

शिवाय नकाशा ही काही नवी गोष्ट नव्हे. धुळ्यातला विकृतितज्ज्ञ रंगवलेला काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून गाठीची कड कोठवर शिरली ते सांगतो. पुढचे उपचार ठरवताना आजही तेच पाहतात.

वर्गात असे चित्र दाखवायचे झाल्यास शेजारी १०० मायक्रॉनची रेघ द्यावी. वहीच्या कागदाची जाडी साधारण तेवढीच असते.