दुसरी ढाल

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. तेथे त्यांची व शेलारमामांची समाधी आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर जे घडले, त्याची कथा मराठी माणसाला ठाऊक नाही असे नाही. परंतु ती कोणी कशी सांगितली, हे ताडून पाहिले म्हणजे शस्त्रविद्येविषयीची आपली समजूत कशी बदलत गेली, हे ध्यानात येते.

सभासदाची बखर १६९७ च्या सुमारास लिहिली गेली. तिचे कथन आटोपशीर आहे. तीत घोरपड नाही. दोन निवडक मावळे रात्री कडा चढतात, वरून माळ लावतात, आणि मग तानाजीसह बाकीचे चढतात. म्हणजे सरदाराचा जीव आधी चढलेल्या दोन अनाम माणसांच्या हाती आहे. पुढे द्वंद्वात तानाजीची ढाल तुटते. दुसरी वेळेवर मिळत नाही. तेव्हा तो डाव्या हाताचीच ढाल करतो. हा तपशील आम्हांस फार मोलाचा वाटतो. दुसरी ढाल देणारा कोणी तरी असतो, या अपेक्षेवरच सैनिक लढतो. ती पुरी झाली नाही, तर काय होते, हे बखरकाराने अलंकाराविना सांगितले आहे. तानाजी पडल्यावर सूर्याजी लोकांना सावरतो. विजय त्या सावरण्याचा आहे.

शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्याने या कथेत घर आणले. रायबाचे लग्न, ऐंशी वर्षांचे शेलारमामा, यशवंती घोरपड ही त्याची देणगी. इतिहास म्हणून तो तपासावा लागेल. परंतु सोबत म्हणजे काय, हे त्याला उमगले आहे. म्हातारा मामा भाच्याबरोबर निघतो, कारण ही विद्या वयाने मोठ्याकडून धाकट्याकडे येते आणि मोठा मागे राहू इच्छीत नाही.

२०२० साली ओम राऊत यांच्या चित्रपटाने हीच कथा देशभर नेली. त्याची भव्यता नाकारता येत नाही. तथापि तेथे सारा भार नायक व उदयभान यांच्या झुंजीवर पडतो आणि मावळे पार्श्वभूमीवर सरकतात. पराक्रम दिसतो, तो ज्या सरावातून उगवतो, तो दिसत नाही.

महाड तालुक्यातील रायगडावर राज्याभिषेकदिनी मर्दानी खेळ होतात. ते पाहणाऱ्यास हा सराव समजू शकेल. दांडपट्ट्यात हात कोपरापर्यंत लोखंडी खोबणीत असतो, मनगट वळत नाही; म्हणून शेजारच्याचे अंतर अंगात भिनावे लागते. तळहातावरचे लिंबू पट्ट्याने कापले जाते, तेव्हा कापणाऱ्याच्या कौशल्याइतकाच हात पुढे धरणाऱ्याचा विश्वास पणाला लागतो. लाठीच्या जोडीत पहिला धडा मारण्याचा नसून वार थांबवण्याचा असतो. जो आपला हात आवरू शकतो, त्याच्याशीच दुसरा निर्धास्तपणे खेळतो. मैत्री आणि आत्मसंयम ही येथे एकाच क्रियेची दोन नावे होत.

याच महाडने त्या संयमाचा दुसरा दाखला दिला. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. त्यांच्यात लष्करातून निवृत्त झालेले शिपाई होते. प्रतिकार त्यांना अशक्य नव्हता. डॉ. आंबेडकरांनी त्यांना आवरले आणि ते आवरले गेले. शस्त्र चालवणे ज्याला येते, त्याचेच न चालवणे अर्थपूर्ण ठरते.

म्हणून आमचे मत असे, की या तीन कथनांत सभासदाचे थोडके शब्द आजही अधिक खरे आहेत. पुढे कोणी लेखक उमरठच्या या वीराकडे वळला, तर त्याने तलवार कोणाच्या हाती होती, एवढेच विचारून थांबू नये. माळ कोणी लावली आणि दुसरी ढाल कोणाकडे होती, हेही त्याने विचारावे.